उलटा पीळ

सकाळचं ऊन डोंगरावर आलं की ते दुपारपर्यंतच आपलं, हे थोरलीला पाठ होतं. दुपार कलली की खालून समुद्राचं धुकं पायऱ्या चढून वर यायचं. दोरीवरची चादर तोवर वाळली नसेल तर मग ती वाळत नसे, वर खारट चिकटा धरायची तो वेगळाच. चिकट चादरीवर निजलेला माणूस सकाळी तोंडावर काही बोलत नाही. गोड हसतो, घरी जातो आणि फोनवर लिहितो. मग बुकिंगच्या ऑफिसातून त्या मंजुळ आवाजाच्या मुलीचा फोन येतो, "मावशी, पाहुणे नाराज झालेत हं."

म्हणून सगळी मदार पिळण्यावर. कपडे धुवायचं यंत्र घरात होतं, पण त्याला नळाचं पाणी लागतं, आणि यंदा पाणी थोरलीच्या डोक्यावरून येत होतं. यंत्रावर आता साबणाचे खोके ठेवलेले होते.

चादर पिळायला समोर दुसरं माणूस लागतं. समोर तिचा नवरा. दोघांनी टोकं धरायची आणि आपापल्या उजवीकडं वळवायची, की चादर आवळत जाते आणि पाणी गळतं. पण थोरली डावरी. ती डावीकडं वळवायची, नवरा उजवीकडं, आणि चादर दोघांच्या मध्ये नुसती गोल गोल फिरत राहायची.

"अहो, उलटं!"

"उलटंच करतोय."

"माझ्या उलटं नका करू. तुमच्या उलटं करा."

"म्हणजे सुलट?"

संसाराला इतकी वर्षं होऊन हा एक हात त्याला बसला नाही तो नाहीच. तो जमायचा एकाच माणसाला, तिच्या धाकट्या बहिणीला. लहानपणी आईचं धुणं दोघी मिळून पिळायच्या, आणि ताईच्या हाताला हात जुळवता जुळवता धाकटीचा हातच तसा वळला. पण धाकटीचं नाव त्या अंगणात निघत नसे.

घर त्यांच्या आईचं. डोंगराच्या कुशीत तीन खोल्या, आणि दहा पावलं वर चौथी, आईची. तिच्या खिडकीतून समुद्र दिसायचा, म्हणून लोक तीच आधी मागत. मुलगा नव्हता, तेव्हा थोरलीचा नवरा घरजावई होऊन आला आणि आल्या दिवसापासून ओझी वाहत राहिला, असं तो स्वतःच हसत सांगायचा. गाडी खाली थांब्यापर्यंतच येते. तिथून वर नुसत्या पायऱ्या. येणाऱ्यांच्या बॅगा त्यानं जन्मभर पाठीवर आणल्या. उचलली की सांगायचा, ही दोन रात्रींची, ही आठवड्याची, आणि ही नवऱ्याशी भांडून आलेलीची, हिच्यात अख्खं कपाट आहे. सहसा चुकायचा नाही.

यंदा हंगामाच्या तोंडालाच त्याचा गुडघा गेला. घरामागचा झराही त्याच सुमाराला करंगळीएवढा बारीक झाला. "झऱ्यातलं पाणी आटलं आणि गुडघ्यात झालं," तो म्हणाला. थोरली हसली नाही. तेव्हापासून बॅगाही तिच्याच पाठीवर आल्या आणि पाणीही. खालच्या वळणावरच्या टाकीतून ती हंडे भरून आणायची. डोंगर फिरून आलेला पाहुणा ओरडायचा, "मावशी, बादलीत एवढंसंच पाणी?" आणि ती पुन्हा खाली जायची. रात्री पडवीत अंग टाकलं की मान वळत नसे. नवरा तेल लावून द्यायचा, तेवढ्यात तिचा डोळा लागलेला असायचा.

ऑफिसनं हे हेरलं होतं. मंजुळ आवाजाची मुलगी म्हणाली, "तुम्ही दोघं थकलात, मावशी. हंगाम संपला की सगळ्या किल्ल्या आमच्याकडं द्या. आम्ही माणसं ठेवू. तुम्ही खाली कुठंतरी आरामात राहा." आरामात म्हणजे कसं, ते थोरलीला दिसत होतं. आईच्या घराच्या किल्ल्या परक्याच्या हातात द्यायच्या, आणि आपण थांब्याजवळ कुणाच्या तरी गोदामामागं खोली घेऊन वरचे दिवे बघत बसायचं. पण नाही म्हणायला अंगात बळ तर पाहिजे.

शेवटी तिनं गाडीच्या ड्रायव्हरला गाठलं. त्याची गाडी धाकटीच्या गावावरून येते. "तिला सांग," थोरली म्हणाली, "दाजींचा गुडघा गेलाय. मला एकटीला रेटत नाही. अर्धं घर तुझं आहे. आलीस तर ते ठेवू, नाहीतर किल्ल्या देऊन टाकते."

चार दिवसांनी ड्रायव्हर म्हणाला, "सांगितलं."

"मग?"

"मशीनवर बसल्या होत्या. ऐकून घेतलं. काही बोलल्या नाहीत." धाकटी लोकांचे कपडे शिवून पोट भरायची.

काही बोलली नाही याचं थोरलीला नवल वाटलं नाही. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा धाकटी लहानग्या मुलीला घेऊन राहायला आली होती. ऐन हंगाम. थोरली दारातच म्हणाली होती, "सगळ्या खोल्या दिलेल्या आहेत गं." आईची खोलीही पाहुण्यांना दिली होती. पडवीत आईजवळ जागा नव्हती, म्हणून मायलेकी मागं लाकडांच्या खोपीत निजल्या. तेवढ्यावरही निभावलं असतं. पण पहाटे कुणाला तरी लवकर आंघोळीला पाणी हवं होतं, आणि थोरलीनं जाऊन बहिणीला हलवलं, "जरा उठतेस का? सरपण काढायचंय." झोपलेलं पोर कडेवर घेऊन धाकटी बाजूला उभी राहिली. थोरलीनं सरपण काढलं. पाणी तापेपर्यंत धाकटी पायऱ्या उतरून गेलेली होती. त्यानंतर आई गेली, तेव्हाही ती आली ती उभ्या उभ्याच.

तर त्या निरोपानंतर एका दुपारी फोन वाजला. नवरा पडवीत गुडघ्याला फडकं बांधून बसला होता. त्यानंच घेतला.

"मावशी आहेत का?" एक तरुण आवाज.

"कामात आहेत. बोला."

"मला तिकडं यायचं होतं. दोन दिवस."

"खोलीसाठी ऑफिसात फोन करायचा. इथं आम्ही परस्पर घेत नाही."

"काका, अहो मी..."

"ऑफिसचा नंबर देतो, लिहून घ्या."

त्याला काका म्हणणारे रोज ढिगानं भेटत आणि त्याच्या बायकोला मावशी म्हणणारे त्याहून जास्त. फोनवर बायकोची सख्खी भाची होती, आणि ती खरोखरच काका म्हणत होती, हे त्याला कळावं कसं? तिनं मुकाट नंबर घेतला. तिच्या घरी मात्र याचा अर्थ सरळ लागला. बहिणीनं भाचीलासुद्धा ऑफिसचा रस्ता दाखवला. धाकटीनं ते ऐकलं आणि मशीनचं चाक हातानं थांबवलं म्हणे.

आणि ती भाची आली, ऑफिसातूनच खोली घेऊन. चष्मा लावलेली, शिडशिडीत, स्वतःची पिशवी स्वतः घेऊन पायऱ्या चढून आली. फाटकापाशी उभी राहिली तेव्हा थोरली दोन हंडे उतरवत होती.

"मावशी," मुलगी म्हणाली.

"या," थोरली म्हणाली. तिनं वर पाहिलं, म्हणजे पिशवीकडं पाहिलं. "चपला तिथं काढा. आंघोळीला एकच बादली मिळेल, पाण्याची अडचण आहे. वायफायचा पासवर्ड दाराच्या मागं लावलाय. तुमची ती वरची खोली."

मुलगी जागची हलेना. थोरलीला वाटलं, एका बादलीचं ऐकून तोंड पडलं असेल. "बरं, दीड देईन," ती म्हणाली आणि रिकामे हंडे घेऊन परत खाली निघाली. मागून नवऱ्याचा आवाज आला, "हलकी आहे. दोन रात्रींची."

संध्याकाळी मुलगी घरामागं जाऊन उभी होती. थोरली सरपण काढायला गेली तर ही खोपीचं दार चाचपत होती.

"तिकडं जाऊ नका, विंचू असतात," थोरली म्हणाली.

"पूर्वी पण असायचे?"

"असायचेच की."

"मावशी, इथं कधी कुणी राहिलंय का?"

थोरलीच्या हातातलं लाकूड क्षणभर थांबलं. मग तिला वाटलं, शहरातली माणसं, काहीही विचारतात. मागं एकानं झऱ्याला कुणाचं नाव आहे ते विचारलं होतं. "इथं कोण राहणार?" ती म्हणाली आणि मोळी उचलली. मुलीनं तोंड फिरवलं. थोरलीला पाठ भरून आली होती, तोंडाकडं बघायला तिला फुरसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर मुलगी टाकीवरून हंडा घेऊन चढतेय. अर्धं पाणी अंगावर सांडलेलं. थोरली धावली. "अहो, ठेवा तो! ऑफिसला कळलं तर मला बोलतील. पाहुण्यांनी काम करायचं नसतं."

"मी पाहुणी नाहीये," मुलगी म्हणाली. हंडा तिनं सोडला नाही.

"मग कोण आहात?"

मुलगी बोलणारच होती. आईनं घातलेली शपथ तिच्या अगदी ओठांवर येऊन मोडायला आली होती. तेवढ्यात खालच्या खोलीतून कुणी ओरडलं, "मावशी, गरम पाणी!" शेजारच्या खोलीतून दुसरं, "मावशी, इथं उशीचा अभ्रा फाटलाय!" आणि मधल्या खोलीतलं पोर नुसतंच, "मावशीऽऽ!" थोरलीनं हंडा ओढून घेतला आणि "आले, आले" करत निघून गेली. मुलगी ओल्या कपड्यांनी तिथंच उभी राहिली. मग वरच्या खोलीत जाऊन बसली आणि दिवसभर फारशी बाहेर आली नाही.

तिच्या जायच्या दिवशी सकाळी दोन खोल्या एकदम रिकाम्या झाल्या. सहा चादरी. थोरली त्या जेमतेम पाण्यात आपटेस्तोवर ऊन डोक्यावर आलं, आणि नवरा भिंत धरत धरत अंगणात आला.

"तुम्ही बसा हो," ती म्हणाली.

"बसून कंटाळलो. दे टोक."

त्यानं टोक धरलं. पाय रोवायला गेला आणि गुडघ्यानं दगा दिला. चादरीसकट तो खाली बसला, धुतलेली चादर मातीत. तो उठायची घाई करेना आणि तिनं हात दिला नाही. तिच्या मनात फक्त एवढंच आलं, आजच फोन करावा आणि किल्ल्या देऊन टाकाव्यात. हंगाम संपायची वाट कशाला बघायची?

"काका, सरका. मी धरते."

चष्मेवाली मुलगी. पिशवी तिच्या खांद्याला होती, निघायच्या तयारीत. ती तिनं ओट्यावर ठेवली. आता नको म्हणायलाही थोरलीत त्राण नव्हतं. तिनं चादर पुन्हा बुचकळली आणि एक टोक पोरीकडं फेकलं.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. थोरली सवयीनं म्हणायला गेली, "उलटं..."

पण शब्द बाहेर यायच्या आत चादर आवळली. एकदम, पहिल्या फेऱ्यालाच. घट्ट वेढे बसत गेले आणि पाण्याची धार दोघींच्या पायांवर आली. थोरलीच्या हातांना आधी कळलं, डोक्याला मागून. किती वर्षांत हा ताण त्या हातांनी अनुभवला नव्हता. तिनं आणखी एक वेढा दिला, समोरूनही तेवढाच आला. ना कमी, ना जास्त.

"तुम्ही डावऱ्या आहात?" थोरलीनं विचारलं.

"नाही."

"मग हा हात कुठला?"

"आईचा." मुलगी चादरीकडंच बघत होती. "तिला सरळ पिळताच येत नाही. तिच्याबरोबर पिळून पिळून मलाही येत नाही. घरी सगळे हसतात. ती म्हणते, काय करू, माझी बहीण डावरी होती."

थोरलीनं टोक सोडलं नाही. चादर दोघींच्या मध्ये ताठ उभी होती आणि तिच्यातून अजून थेंब पडत होते. थोरलीनं पहिल्यांदा त्या पोरीच्या तोंडाकडं नीट पाहिलं. चष्म्याच्या वर त्या भुवया होत्या. आईच्या.

"तू..." ती म्हणाली. तुम्हीचं तू झालं.

"मी आल्या आल्या तुला मावशी म्हटलं," मुलगी म्हणाली. "फाटकापाशी. मग खोपीपाशी. सारखं म्हणत होते."

"अगं, मला सगळेच म्हणतात गं," थोरली म्हणाली आणि तिला रडू फुटलं. दोन्ही हात चादरीत गुंतलेले, डोळे पुसायची सोय नाही. रडणं तसंच गालांवरून वाहत राहिलं. ओट्याला टेकून बसलेला नवरा आळीपाळीनं दोघींकडं बघत होता.

"तो फोन तुझा होता?" त्यानं विचारलं.

"हो काका."

"मेलो," तो म्हणाला आणि कपाळावर हात मारून घेतला. "मीच तिला नंबर दिला. ऑफिसचा."

"आई कुठंय?" थोरलीनं विचारलं.

"दुपारच्या गाडीनं थांब्यावर येतेय. मला म्हणाली, जा, राहून ये, आपणहून सांगायचं नाही. तिनं ओळखलं तर बघू. मी पिशवी घेऊन एकटीच खाली उतरले, तर त्याच गाडीनं परत जायचं."

"आणि ड्रायव्हरला हे माहीत आहे?"

"त्यांनीच तर ठरवून दिलं."

मेला, थोरलीच्या मनात आलं, काही बोलल्या नाहीत म्हणे! तेवढ्यात खालून गाडीचा भोंगा ऐकू आला. वळणावर आली की ती गाडी वाजतेच. थांब्यावर ड्रायव्हर चहा पितो आणि उलट फिरतो. तेवढाच काय तो वेळ.

थोरलीनं चादर पोरीच्या अंगावर टाकली. "वाळत घाल," म्हणाली आणि फाटकाकडं वळली. नवऱ्याच्या खिशातला फोन नेमका तेव्हा वाजला. त्यानं बघितलं. "ऑफिस," म्हणाला आणि विस्तव धरल्यासारखा तिच्या पुढं केला.

"मावशी," मंजुळ आवाज म्हणाला, "वरची खोली रिकामी होतेय ना? संध्याकाळी नवीन पाहुणे पाठवतेय."

"खोली दिलेली आहे," थोरली म्हणाली.

"कुणाला? आमच्याकडं नोंद नाही."

"नोंद नसणार. घरचे पाहुणे आहेत."

"मावशी, असं परस्पर केलं तर घराचं नावच काढावं लागेल आम्हाला."

"काढा," थोरली म्हणाली. फोन तिनं नवऱ्याच्या मांडीवर टाकला आणि पायऱ्यांना लागली.

भरल्या हंड्यानं त्या पायऱ्या ती रोज चढत होती. रिकाम्या हातांनी धावत मात्र ती आज पहिल्यांदाच उतरत होती. लुगड्याचा ओला सोगा पायात येत होता. मनात ती वाक्यं जुळवत होती. इतक्या वर्षांत ती कितीदा जुळवून झाली होती, पाणी भरताना, खोपीतून सरपण काढताना. सगळी पाठ होती. शेवटच्या वळणावर पोचली तोवर त्यातलं एकही तिच्याजवळ राहिलं नव्हतं.

थांब्यावर पत्र्याखालच्या बाकावर धाकटी बसली होती. मान पुढं वाकलेली, मशीनवर बसणाऱ्या माणसाची वाकते तशी. केस पिकले होते. पायांजवळ एक जाड कापडी पिशवी. गाडीपाशी उभा राहून ड्रायव्हर चहा पीत होता आणि मुद्दाम समुद्राकडं बघत होता.

धाकटीनं बहिणीला पाहिलं. मग तिच्या मागं, पायऱ्यांवर, कुणी येतंय का ते पाहिलं.

"पोरगी कुठंय?"

"चादरी वाळत घालतेय," थोरली म्हणाली. तिला धाप लागली होती.

धाकटीनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "खोली आहे का?"

"आहे."

"कुठली? लाकडांची?"

थोरलीला ते लागलं. लागायलाच हवं होतं. ती बाकापाशी खाली जमिनीवरच बसली. माफी कशी मागतात ते तिला आठवेना. आपल्या हातांकडं बघत ती एवढंच म्हणाली, "आईची."

"आणि ऑफिस?"

"ऑफिस गेलं उडत. ऊठ आता. पाच चादरी अजून पिळायच्यात, आणि धुकं येईल. दाजींना तर तुला माहीतच आहे, जमत नाही."

धाकटी लगेच उठली नाही. बहिणीचे हात ती बघत राहिली, साबणानं पांढरे पडलेले, बोटं वाकलेली. थोरलीनं पिशवीचा बंद धरला आणि उचलायला गेली, तशी एका बाजूला कललीच. ओझ्याचं तिलाही आता थोडं कळायला लागलं होतं. ही दोन रात्रींची नव्हती, आठवड्याचीही नव्हती. तिनं कापडावरून हात फिरवला. आत लोखंड लागलं. चाक लागलं.

"मशीन?" थोरलीनं विचारलं. "हे एवढं घेऊन परत जाणार होतीस?"

"गेले असते," धाकटी म्हणाली. "नसतंस ओळखलंस तर." मग दुसरीकडं बघत, "पोरगी काल फोनवर सांगत होती, उशांचे अभ्रे सगळे फाटलेत म्हणून."

ड्रायव्हरनं कपातला उरलेला चहा फेकला, गाडीत चढला आणि एकदाही मागं न बघता गाडी फिरवली.

"दे इकडं, डावरे," धाकटी म्हणाली. "एकटीला नाही जायचं ते."

डावरे. मावशी नव्हे, अहो नव्हे. थोरलीनं एक बंद सोडला. तिनं डाव्या हातानं धरलं, धाकटीनं उजव्या, आणि पिशवी मध्ये घेऊन दोघी पायऱ्या चढायला लागल्या. दर वळणावर थांबावं लागत होतं. खाली समुद्रावर धुकं धरायला लागलं होतं, पण ते वर यायला अजून थोडा वेळ होता.